एका सेकंदाला शंभर ग्रॅम

आमच्या खोलीला दार होतं, पण त्या उन्हाळ्यात ते लावता येत नव्हतं, कारण दाराच्या चौकटीत माझी मुलगी टांगलेली होती.

ऐकायला भयंकर वाटतं, पण खरंच तसं होतं. दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या जुन्या इमारतीत भिंतीला साधा खिळा ठोकायचा तरी घरमालकाच्या माणसाची परवानगी लागायची. छताला हूक म्हणजे तर विषयच सोडा. आणि सासूबाई गावाहून येताना झोळीची स्प्रिंग घेऊन आल्या होत्या. मेतकूट, डिंकाचे लाडू, कुळथाचं पीठ, आणि त्यांच्या मधोमध जुन्या पातळात गुंडाळलेली वीतभर लांबीची जाडजूड पोलादी स्प्रिंग, दोन्ही टोकांना हूक. माझ्या नवऱ्याने कधीकाळी व्यायाम करणार म्हणून दाराच्या चौकटीत लोखंडी बार बसवून घेतला होता. तो त्याला आयुष्यात दोनदा लोंबकळला असेल. सासूबाईंनी घरभर नजर फिरवली, बार दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्याला काय धाड भरलीय?" झालं. बारला स्प्रिंग, स्प्रिंगला लाकडी दांडी, दांडीला कापडाची झोळी आणि झोळीत पाच आठवड्यांचं आमचं गाठोडं.

मग खोलीतून बाहेर पडायचं तर झोळी एका हाताने बाजूला धरून, अंग चोरून, ओणवं होऊन पडायचं. मूल झोपलेलं असेल तर तेही नाही. मी आत, सासूबाई आत, मूल दारात. बाहेर हॉल, हॉलच्या पलीकडे दुसरी खोली. त्या खोलीत वसईची एक बाई आणि तिची आठ वर्षांची मुलगी राहायची. बाई हॉटेलात नोकरीला, नवरा जहाजावर. फ्लॅट आम्ही दोन कुटुंबांनी मिळून घेतला होता. पण शाळेला सुट्टी लागली तशी ती मुलीला घेऊन महिन्याभरासाठी वसईला गेली. नवरा सकाळी सातला जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसला जायचा तो रात्री आठला घरी यायचा. मधले तेरा तास त्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी आणि एसीची घरघर. खिडकीची काच आतून हात लावला तरी चटका बसावा अशी तापलेली असे.

मी तशी घरात बसणारी बाई नाही. शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, वर्गात तास-तास उभी असते, आवाज जिन्यापर्यंत जातो. मला सासूबाईंनी सांगितलं, "सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाय नाही." सव्वा महिना उलटला तेव्हा म्हणाल्या, "ह्या उन्हात? तीन महिने तरी नाहीच." स्वयंपाकघर नाही, कपडे नाहीत, बाळाची अंघोळ नाही, झोळी बांधायची ती पण त्याच बांधणार. माझं काम एकच, पाजायचं. माझी आई असती तर मी तिच्याशी कडाकडा भांडले असते. आई नाही, आणि ही बाई साठी उलटलेली असूनही माझ्यासाठी पहिल्यांदा विमानात बसली होती. मी गप्प बसले. पण माझं डोकं गप्प बसत नाही, तीच सगळी गोची.

मला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती. मूल वाढतंय की नाही.

दोन आठवड्यांची असताना ती तीन किलो दोनशे भरली होती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, सहा आठवड्यांची झाली की परत आणा. पण पहिले तीस दिवस ती माझ्या विम्यात होती, त्यानंतर कागदोपत्री ती कुणाचीच नव्हती. पासपोर्ट आला, व्हिसा लागायचा होता, विम्याचं कार्ड यायचं होतं. कागद भरून देणारा माणूस फोनवर दर वेळी तेच सांगायचा, "खलास सिस्टर, नेक्स्ट वीक, इन्शाल्ला." नवऱ्याचं पालुपद, "कार्ड आलं की जाऊ." माझ्या आयुष्यातला तो अख्खा उन्हाळा 'कार्ड आलं की' ह्या तीन शब्दांत अडकला होता.

बरं, घरात तोलावं, तर गल्फमधल्या कुठल्याही घरात एक वस्तू हमखास सापडते. बॅग तोलायचा काटा. हातात धरायचा, खाली हूक, आकडा दिसतो. गावाला जाताना तीस किलोच्या वर एक ग्रॅम जाऊ नये म्हणून माणसं त्याला बॅगा लटकवून घाम गाळतात. मी तो कपाटातून काढला मात्र, सासूबाईंनी हातातून हिसकावून घेतला.

"तान्ह्या पोरीला तोलतेस? बाजारातलं वांगं आहे का ती?"

"आई, डॉक्टरसुद्धा तोलतात."

"डॉक्टरांचं डॉक्टरांकडे. माझ्या घरात मूल तोलायचं नाही. दृष्ट लागते."

काटा त्यांनी नेऊन स्वतःच्या बॅगेत ठेवला आणि बॅगेला कुलूप घातलं. मी मनात म्हटलं, ठीक आहे, नाही तोलत. तुमच्याच स्प्रिंगकडून काम करून घेते.

आता ही माझ्या पोटापाण्याची गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. स्प्रिंगला वजन लावलं, थोडं खाली ओढून सोडलं, की ते खाली-वर होत राहतं. खाली गेलं की स्प्रिंग वर खेचते, वर गेलं की वजन खाली ओढतं, आणि मधे थांबावं तर वेग थांबू देत नाही. ह्याला आम्ही सिंपल हार्मोनिक मोशन म्हणतो. त्यातली गंमत अशी की तुम्ही ते थोडं ओढा की जास्त ओढा, एक हेलकावा पुरा व्हायला वेळ तेवढाच लागतो. वेळ ठरतो तो दोनच गोष्टींवर, स्प्रिंग किती ताठ आहे आणि तिला किती वस्तुमान टांगलंय. जड वस्तू सावकाश हलते, हलकी भराभर. अंतराळात तर वजनच नसतं. तिथे माणसांना स्प्रिंगच्या खुर्चीत बसवून हलवतात आणि वेळ मोजून वस्तुमान काढतात. हे मी दर वर्षी वर्गात सांगते आणि दर वर्षी शेवटच्या बाकावरचा कुणीतरी खिदळतो.

दुसऱ्या दिवशी सासूबाई बाळाला तेल लावून अंघोळ घालायला घेऊन गेल्या. त्यांचा तो कार्यक्रम तासभर चालायचा. मी रिकाम्या झोळीत पाण्याच्या दीड लिटरच्या दोन बाटल्या ठेवल्या. तीन किलो. झोळी खाली ओढून सोडली, फोनवर वेळ लावली, वीस हेलकावे मोजले. असे पाच डाव, म्हणजे शंभर हेलकावे. मग अर्ध्या लिटरची बाटली वाढवली, पुन्हा शंभर. पुन्हा एक, पुन्हा शंभर. वहीत आलेख काढला. सरळ रेषेत बिंदू बसले तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू! किती दिवसांनी मी माझ्यासारखी वागत होते. हिशेब इतका सुटसुटीत निघाला की मलाच खरं वाटेना. आमच्या स्प्रिंगला पाच किलोच्या आसपास शंभर हेलकाव्यांना शंभर सेकंद लागत होते, आणि एक सेकंद वाढला की समजायचं शंभर ग्रॅम वाढले. झोळी आणि दांडीचा मिळून एक किलो, तोही आलेखातूनच निघाला, वजा करायचा, उरेल ते मूल.

इतक्यात सासूबाई बाळाला पंच्यात गुंडाळून आल्या आणि दारातच थबकल्या.

"रिकामी झोळी हलवू नये."

"रिकामी कुठाय? पाणी आहे आत."

"बाटल्यांना झोके देतेस? वेड लागलं का गं तुला?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण शिकवायची सवय. मी त्यांना वही दाखवली, सगळं समजावून सांगितलं, स्प्रिंग, सेकंद, ग्रॅम. "म्हणजे बघा आई, मी तोलत नाहीये. मी फक्त मोजतेय." मला वाटलं होतं त्या कौतुक करतील. त्यांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि स्वयंपाकघरात गेल्या.

त्या दिवशी बाळाला झोळीत घालून मोजलं. अठ्ठ्याण्णव सेकंद. चार किलो आठशेतून झोळी वजा, मूल तीन किलो आठशे. वा! दोन आठवड्यांची असतानाच्या वजनाच्या मानाने उत्तम चाललं होतं. मी ठरवलं, दर आठवड्याला एकदा, त्याच वेळी, पाजून झाल्यावर.

पुढच्या आठवड्यात मोजलं. अठ्ठ्याण्णव.

पुन्हा मोजलं. अठ्ठ्याण्णव. सात दिवसांत एक ग्रॅम नाही? मी नवऱ्याला ऑफिसात फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, कुजबुजत म्हणाला, "अगं, ती झोळी आहे, लॅब नाही. एका आठवड्याने काय होतं?"

"कार्डाशिवाय जाऊ. रोख देऊ."

"दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि किती शांत मूल आहे आपलं, बघ ना. आजारी मुलं अशी असतात का?"

शांत तर ती होतीच. सगळ्यांनी तिला 'गुणी' म्हणून डोक्यावर घेतलं होतं. सासूबाईंनी झोळीला सुती नाडी बांधली होती. जरा कुठे कुरकुर झाली की त्या पलंगावर बसल्या-बसल्या नाडी ओढायच्या. तीन हेलकावे, चौथ्याला डोळे मिटलेले. सुरुवातीला ती दोन-दोन तासांनी घर डोक्यावर घ्यायची. आता चार तास झोपायची, कधी पाच. मी पाजायला घेतलं की दोन मिनिटं ओढायची आणि छातीवरच झोपून जायची. मी म्हणायचे, पोट भरलं असेल. फोन ठेवल्यावर मी सासूबाईंना तोंडावर म्हटलं, "वाढत नाहीये ती. एक ग्रॅम वाढली नाही." आणि रडले. अगदी हमसून रडले. मला तिथून पळून जायचं होतं आणि दाराच्या चौकटीत मूल झोपलेलं होतं. सासूबाईंचा चेहरा उतरला.

तिसऱ्या आठवड्यात शंभर सेकंद आले. दोनशे ग्रॅम वाढ! मी ओरडलेच. चौथ्या आठवड्यात मोजलं तेव्हा एकशे चार. म्हणजे मूल चार किलो चारशे! झोळीसुद्धा चांगली दोन बोटं खाली आली होती, नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. नवऱ्याला आकडा मेसेज केला. त्याने तीन अंगठे पाठवले. सासूबाई म्हणाल्या, "बघ, उगाच जिवाला घोर लावून घेतलास." आणि त्या मनापासून हसल्या. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी खरंच माया वाटली.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना मला अजून स्वतःला चपराक मारावीशी वाटते. डायपरच्या पट्ट्या आधी कडेला लागायच्या, त्या आता मधोमध एकमेकींवर चढत होत्या. ते मला दिसलं होतं. मी म्हटलं, हे पाकीट मोठ्या साइझचं आलं असणार. तिच्या हनुवटीला टोक आलं होतं. मी म्हटलं, बाबांवर चाललीय. वहीत एकशे चार लिहिलेलं असताना हनुवटीकडे कोण बघतं? ज्या मुलांना मी दर वर्षी ओरडते, उत्तर आलं की ते शक्य आहे का हे आधी डोळे उघडून पाहा, ती मुलं बरी.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी सकाळी अकराला आमची वसईकरीण परत आली. दारातच बॅगा टाकून मायलेकी बाळ बघायला धावल्या. सासूबाई नुकत्याच अंघोळीला गेल्या होत्या. छोकरीने झोळीची कड खाली ओढून आत डोकावलं.

"आंटी, शी बिकेम स्मॉलर."

मी हसले. "नो डार्लिंग, शी गेन्ड सिक्स हंड्रेड ग्रॅम्स."

"बट हर लेग्ज आर सो थिन."

तिची आई हसली नाही. तिने झोळीत हात घातला, बाळाची मांडी दोन बोटांत धरली, सोडली. कातडीची चुणी तशीच राहिली. बाळाने डोळे उघडले नाहीत.

"टीचर," ती मला टीचरच म्हणायची, "ही वाढलेली नाहीये."

"काय बोलतेस? तीन दिवसांपूर्वी मोजलंय मी. हे बघ." मी वही उघडून तिच्या नाकासमोर धरली. आलेख, तक्ता, पाच-पाच डावांच्या बेरजा. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. बारावीनंतर हिने फिजिक्सचं तोंड पाहिलं नसेल आणि माझ्या आकड्यांवर शंका घेतेय!

"तुझा ग्राफ चुलीत घाल. काटा कुठाय?"

"सासूबाईंनी कुलपात ठेवलाय."

तिने स्वतःची बॅग उघडली. विमानतळावरून नुकतीच आलेली, काटा वरच होता. तिने बाळासकट झोळी स्प्रिंगवरून काढली, दांडी काट्याच्या हुकाला लटकवली आणि दोन्ही हातांनी उचलून धरलं. आकडा फिरला, थांबला. पाच किलो चारशे.

"बघ!" मी किंचाळलेच. "बघ, तंतोतंत! चार किलो चारशे मूल, एक किलो झोळी!" माझी मोजणी काट्याला काट्याने जुळली होती. त्या क्षणी माझ्याइतकं जिंकलेलं माणूस अख्ख्या दुबईत नसेल.

तिने बाळ उचलून माझ्या हातात दिलं, आणि नुसती झोळी काट्याला लावली.

एक किलो आठशे पन्नास.

"एक किलो असायला हवी," मी म्हटलं. मी चक्क हट्टाने म्हटलं, जणू काट्याने ऐकावं. आणि माझं डोकं, जे कधी गप्प बसत नाही, त्याने वजाबाकी करून टाकली होती. पाच चारशेतून एक आठशे पन्नास गेले. तीन किलो साडेपाचशे. पहिल्या मोजणीपेक्षा पाव किलो कमी. हातातलं मूल मला एकदम काहीच नसल्यासारखं हलकं लागलं, आणि ते रोजच तेवढं हलकं लागत होतं.

तिने झोळी पलंगावर उलटी केली. पायाकडच्या बाजूला घडी करून घातलेली दुपटी, त्यांच्या आत जुन्या पातळाची पुरचुंडी. पुरचुंडीतून आमच्या स्वयंपाकघरातली लोखंडी सांडशी निघाली, आणि खलबत्त्यातला बत्ता.

मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. तान्ह्या मुलाजवळ लोखंड ठेवायचं, म्हणजे काही बाधत नाही, हे मला माहीत होतं. मीच लहान असताना माझ्या उशीखाली चाकू असायचा म्हणे. हे ठाऊक असलेली, आणि बाटल्या टांगून स्प्रिंगचं गणित काढणारी, अशी एकच बाई त्या इमारतीत होती आणि तिला झोळी उलटी करून बघायचं सुचलं नव्हतं.

सासूबाई ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आल्या. पलंगावरचा बत्ता पाहिला आणि जागीच थांबल्या.

"काय केलंत हे तुम्ही!" मी ओरडले. इतकी ओरडले की बाळ दचकायला हवं होतं. ते दचकलं नाही. "मरेल ना माझी पोर! काय केलंत!"

"तू सारखी मोजत होतीस," त्या म्हणाल्या. "वाटायचं, दृष्ट लागेल. तू रडलीस तेव्हा सांडशी ठेवली. आणि मग वाढली ना ती? म्हणून बत्ता पण..."

"ओरडायचं ते नंतर," वसईकरीण म्हणाली. ती पायात चपला घालत होती. "यल्ला, चल लवकर. टॅक्सी खाली असेल."

सासूबाई तशाच ओल्या केसांनी आल्या. कित्येक आठवड्यांत आम्ही दोघी पहिल्यांदा घराबाहेर पडत होतो. टॅक्सीत मी बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसले होते.

हॉस्पिटलात नर्सने तिला काचेच्या काट्यावर ठेवलं. तीन किलो पाचशे चाळीस. कार्ड आहे का, हे त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "दिन में कितनी बार पिलाती हो?"

वही माझ्या पर्समध्ये होती. सातशे-आठशे हेलकाव्यांच्या वेळा दशांश चिन्हापर्यंत होत्या तिच्यात. हे एक नव्हतं. मी म्हटलं, "सोती बहुत है."

"भूखी बच्ची पहले रोती है," त्या नळी तयार करता-करता म्हणाल्या, "फिर रोना छोड़ देती है। झूले में डालो तो और जल्दी।"

त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रोजचं काम केल्यासारख्या बोलल्या. म्हणजे ती रोज भुकेने कुरकुरत होती, आम्ही नाडी ओढत होतो, ती झोपत होती. आणि झोपलेल्या मुलाचे हेलकावे मोजायला फार सोपे जातात, कारण ते हलत नाही. मी तर मुद्दाम ती गाढ झोपायची वाट बघायचे.

नाकातून नळी घातली तेव्हाही ती रडली नाही, नुसतं तोंड वाकडं केलं. नवरा ऑफिसातून धावत आला, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याला ते पुरेसं होतं.

सासूबाई कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसून होत्या. पाणी द्यायला गेले तेव्हा मी अजून धुमसत होते. मला त्यांना काहीतरी असं बोलायचं होतं की ते त्यांना जन्मभर लागेल. त्यांनी ग्लास घेतला नाही.

"ह्याच्या आधी मला एक झाला होता," त्या म्हणाल्या. माझ्या नवऱ्याच्या आधी. मला माहीत नव्हतं. त्यालाही माहीत नव्हतं. "दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचे. काट्यात घालायचे. दर आठवड्याला कमी भरायचा. मी तिथे उभी. दर आठवड्याला नर्स आकडा मोठ्याने वाचायची." त्यांनी हाताने काहीतरी खाली ठेवल्यासारखं केलं. "तू वही काढलीस की मला ती ऐकू यायची."

मी शेजारच्या खुर्चीत बसले. आम्ही दोघी एकाच भीतीने कोंडलेल्या होतो आणि त्या खोलीत तीन आठवडे एकमेकींना ती सांगितली नव्हती. मी भीतीची वही केली, त्यांनी पुरचुंडी. दोघींच्या मधे मूल उपाशी झोपत होतं.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ऐंशी ग्रॅम वाढली असं नर्स म्हणाली. मी तिच्याकडे बघून मान हलवली, लिहून घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाटली भरून घेत होते. नळी काढली होती, आता तोंडाने पाजून बघायचं होतं. मागून एक आवाज आला. आधी खरखर, मग एक उचकी, आणि मग अख्ख्या वॉर्डाने वळून बघावं अशी आरोळी. मुठी आवळलेल्या, चेहरा लालबुंद, जीभ थरथरतेय. सासूबाईंचा हात सवयीने पुढे झाला, छातीवर थोपटून हलवायला.

मी त्यांचं मनगट धरलं. "थांबा आई. रडू दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते. त्याही रडत होत्या. भूक लागली होती पोरीला. दूध माझ्या हातात तयार होतं, कोमट. तरी बाटली तोंडाला लावण्याआधी क्षणभर आम्ही दोघी तिथे उभ्या राहून ते रडणं ऐकत होतो.